हातचा

पहिल्या नोकरीत तिच्या वाट्याला बर्फ आला.
बफेलोच्या नगरपालिकेत, तिसऱ्या मजल्यावर,
कुठल्या गल्लीतला आधी उपसायचा
आणि कुठला ऊन येईस्तोवर राहू द्यायचा,
हे लोरेटा काच्मारेक ठरवायची.
बाप बंदरावरच्या धान्यकोठारात हमाल,
खोकला की गव्हाची धूळ उडायची.
बेरजा त्यानंच शिकवल्या, मक्याचे दाणे मांडून :
हातचा बोटावर धर, पोरी.
तो सुटला की खालचं सगळं खोटं.

मला ती भेटली फार नंतर.
तेव्हा ती शहराच्या बसगाड्यांची प्रमुख,
आणि मी तिच्या सभांचं इतिवृत्त लिहिणारी.
पहाटे साडेचारला डेपोत हजर, पायात पुरुषी बूट,
ड्रायव्हरच्या थर्मासमधली कॉफी
थर्मासच्याच झाकणातून प्यायची
आणि ब्रेकच्या किंकाळीवरून सांगायची
गाडी कुठल्या साली घेतली ते.

त्या वर्षी तूट एक कोटी नव्वद लाखांची.
मार्ग त्रेचाळीस, शेवटची फेरी रात्री बारा चाळीस,
सरासरी प्रवासी एक पूर्णांक चार दशांश.
मागच्या बाकावरून एक माणूस उठला,
ओडेल प्रूइट, हॉस्पिटलच्या धुलाईघरातला,
टोपी दोन्ही हातांत.
म्हणाला, "त्यातला एक, तो मी.
चार दशांश कोण, ते मला ठाऊक नाही.
कधी दिसला नाही."
सभागृह हसलं. मीही हसले, खोटं कशाला सांगू.
लोरेटा कागदाकडे बघत होती.
मग हात वर झाले. तिचाही.
मी लिहिलं : नागरिकाचे म्हणणे ऐकले. नोंद घेण्यात आली.

पुढे ती न्यूयॉर्कला गेली, एका वित्तसंस्थेत,
अठ्ठाविसाव्या मजल्यावर.
तिथं ती शहरांना गुण द्यायची,
कोण कर्ज फेडील, कोण बुडवील.
एकदा तिच्या टेबलावर आमचंच शहर आलं.
नियमानं तिनं फाइल शेजारच्याकडे सरकवली,
पण त्याआधी वाचली.
पान एकशे बारा, तळटीप, मुंगीएवढी अक्षरं :
रात्रीची सेवा आटोपशीर केल्याने पत सुधारली.

संध्याकाळी तिचा फोन.
"मॉरीन, त्या सभेचं इतिवृत्त आहे?
तो माणूस नेमका काय म्हणाला होता?"
मी कपाट उघडलं, कागद काढला.
नोंद घेण्यात आली, एवढंच.
नोंद कुठेच नव्हती.
मग आठवणीतून सांगितलं, टोपीसकट.
बराच वेळ तारेतून काही आलं नाही.
नंतर तिनं विचारलं, तिकडे बर्फ पडतोय का.

आता ती परत आली आहे, जुन्या घरी.
वय एकाहत्तर, बसचा पास फुकट.
हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिनं फोन लावून पाहिला.
धुलाईघर नाहीच तिथं,
चादरी म्हणे आता दुसऱ्या गावाहून धुऊन येतात.
ओडेल प्रूइट हे नाव
पलीकडच्या मुलीला दोनदा सांगावं लागलं.

जानेवारीत एका सकाळी मी तिला पाहिलं,
कोपऱ्यावरच्या थांब्यावर, हातात फावडं.
बर्फ ढकलणाऱ्या गाड्या रस्ता साफ करतात
आणि सगळा ढीग कडेला, थांब्यावरच, लोटून जातात.
छातीएवढी भिंत. म्हातारी माणसं
मग रस्त्यात उभी राहतात, बससमोर.
"हा नियम कुणी केला?" मी गाडीची काच खाली करून ओरडले.
"मी," ती म्हणाली. "एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.
रस्ता आधी, कडा नंतर.
नंतर म्हणजे केव्हा, ते लिहायचं राहिलं."

मी विचारलं, इथून चढतात तरी किती?
तिनं फावडं भिंतीत रोवलं, श्वास घेतला.
"आज सात," म्हणाली,
आणि हातमोज्यातलं एक बोट
तसंच उभं धरून ठेवलं.